आपल्या जागी दुसरा

११ ऑगस्ट १९६१ रोजी के. जी. बदलानी नावाचे भारतीय प्रशासन सेवेतील एक अधिकारी एका दिवसापुरते पंतप्रधान झाले. ज्या दादरा व नगर हवेली या प्रदेशाचे ते पंतप्रधान झाले त्याची राजधानी सिल्वासा होती, त्या प्रदेशात बहात्तर गावे होती, आणि त्यांच्या हुद्द्याचे एकमेव प्रयोजन हे होते की जवाहरलाल नेहरूंच्या बरोबरीने एका करारनाम्यावर सही करून त्यांनी तो प्रदेश भारतीय संघराज्याच्या स्वाधीन करावा, म्हणजेच आपला हुद्दा आपल्याच हाताने संपुष्टात आणावा. सत्ता मिळविण्यासाठी जन्म वेचणाऱ्यांच्या कथांनी इतिहासाची पाने भरलेली आहेत. परंतु ज्याच्या नेमणुकीतच त्याच्या पदाचा अंत नमूद केलेला होता, आणि ज्याने तो अंत कर्तव्य म्हणून घडवून आणला, असा प्रधान विरळाच.

या एका दिवसामागे सात वर्षांचा कारभार उभा होता. १७७९ च्या तहानंतर पेशव्यांकडून पोर्तुगीजांकडे वसुलासाठी गेलेला हा मुलूख पुढे त्यांच्याच अंमलाखाली राहिला, तो १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्त झाला. प्रथम दादरा, नंतर नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा अशा क्रमाने ही ठाणी घेणाऱ्यांत आझाद गोमंतक दलाचे, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे आणि गोव्यातील अन्य संघटनांचे कार्यकर्ते होते, आणि मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे सुधीर फडके, राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे ही माणसे त्यांच्या अग्रभागी होती. परंतु ज्यांनी ठाणी घेतली त्यांतील बहुतेकांनी गाद्या घेतल्या नाहीत. फडके आपल्या पेटीकडे परतले आणि पुढील वर्षाच्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. सिल्वाशाचा कारभार स्थानिक प्रतिनिधींच्या वरिष्ठ पंचायतीकडे आणि आप्पासाहेब करमळकर यांच्यासारख्या प्रशासकाकडे गेला. पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावलेला असल्यामुळे भारत सरकारला हा प्रदेश उघडपणे आपला म्हणता येत नव्हता. तेव्हा पंचायतीने जुन्या पोर्तुगीज मुद्रांकांवर छाप मारून टपाल चालविले, वसूल गोळा केला, न्यायनिवाडा केला. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला की पोर्तुगालला खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता मार्गाधिकार होता, सैन्याचा व शस्त्रांचा मात्र नव्हता, आणि भारताने कोणताही नियम मोडलेला नाही. त्यानंतर जून १९६१ मध्ये पंचायतीने एकमुखाने विलीनीकरणाचा ठराव केला. स्वतःचे विसर्जन हेच ज्या कारभाराचे ध्येय होते त्याने सात वर्षे दप्तर नीट ठेवले. उद्या जो येईल त्याच्या हाती काय द्यावयाचे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि जो देणार होता त्याला देण्यात आपले काही जाते असे वाटत नव्हते.

आपल्या जागी येणाऱ्या माणसास आपणच तयार करावे, ही अपेक्षा आज कारखान्यांत, कचेऱ्यांत आणि मैदानांवर सर्रास केली जाते. ती पुरी होण्यासाठी काय असावे लागते, आणि ते नसताना ती अपेक्षा अन्याय कशी होते, याचा विचार सिल्वाशातूनच करणे मला सयुक्तिक वाटते. कारण बदलानींच्या त्या एका दिवसानंतरच्या साठ वर्षांत हाच मुलूख, जेथे वारली, कोकणा आणि धोडिया शेतकरी भात व नागली पिकवीत होते, काम शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या परक्या-आपल्या माणसांची एक मोठी वसाहत झाला आहे.

पिपरिया येथे सहकारी तत्त्वावरची पहिली औद्योगिक वसाहत १९६५ साली निघाली. मसाट आणि खडोलीच्या वसाहती त्यानंतरच्या. पुढे करसवलतींमुळे मुंबई-अहमदाबाद मार्गापासून हाकेच्या अंतरावरील या भूमीत धाग्याचे, प्लास्टिकचे, तांब्याच्या तारांचे कारखाने उभे राहिले. त्यांतही पॉलिएस्टर धाग्याला पीळ व फुगवटा देणारे, म्हणजे टेक्श्चरायझिंगचे, कारखाने सिल्वाशाची खरी ओळख. या यंत्रावरील कामाचे थोडेसे वर्णन केल्याशिवाय पुढचा मुद्दा स्पष्ट व्हावयाचा नाही. अर्धवट ताणलेला धागा बॉबिनवरून सुटतो, हीटरमधून तापून निघतो, थंड पट्टीवरून जातो, वेगाने फिरणाऱ्या चकत्यांमधून जाताना पीळ घेतो आणि शेवटी दुसऱ्या बॉबिनवर गुंडाळला जातो. एका यंत्रावर असे शेकडो धागे एकाच वेळी धावत असतात. नव्या मुलाला चकत्या कोठल्या, हीटर कोणता, तुटलेला धागा पुन्हा ओवावयाचा कसा, हे काही दिवसांत सांगता येते. परंतु धागा तुटण्यापूर्वी यंत्राचा आवाज किंचित बदलतो तो ऐकणे, बॉबिनवरून बोट फिरविताच पीळ सैल पडला आहे हे ओळखणे, ओल्या हवेच्या दिवसांत कोणत्या रांगेकडे अधिक लक्ष ठेवावयाचे हे न सांगता कळणे, हे जुन्या ऑपरेटरच्या कानांत आणि बोटांत साठलेले असते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ साली एका छोट्या ग्रंथात अशा ज्ञानाचे विवेचन केले आणि असे प्रतिपादिले की माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक त्याला ठाऊक असते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे अधिक ठाऊक असलेले छापलेले नसते; ते केवळ शेजारी उभे राहून, चुकत, हटकले जात, पुन्हा करून दुसऱ्याच्या अंगी उतरते. म्हणून ज्याच्याजवळ ते आहे त्याच्या मर्जीवाचून ते मिळत नाही, आणि प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

मर्जी नसलेला माणूस शिकविण्यास नकार देत नाही. त्याची तशी हिंमतही नसते. तो विचारले तेवढे दाखवितो आणि एक गोष्ट सांगावयाची राहू देतो. कुस्तीच्या परिभाषेत यालाच एक डाव राखून ठेवणे म्हणतात, आणि आपण ते वाक्य वस्तादांवर लादून मोकळे झालो आहोत. वस्तुतः महाराष्ट्राच्या तालमींचा इतिहास याच्या नेमका उलट साक्ष देतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान १९१२ साली उभे केले आणि शहरातील तालमींना राजाश्रय दिला. त्या परंपरेतील मोतीबाग तालमीत १९६० चे हिंदकेसरी आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे गणपतराव आंदळकर पुढे वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दादू चौगुले यांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, आणि काळाच्या ओघात तेही वस्ताद झाले. सांगलीकडच्या एका खेड्यातून आलेला पैलवान कोल्हापुरात येतो, हौद्यातल्या लाल मातीत वर्षानुवर्षे जोर-बैठका काढतो, मोठा होतो, आणि मग आपल्या उमेदीचा उत्तरार्ध दुसऱ्यांच्या पोरांना ढाक आणि कलाजंग शिकविण्यात घालवितो. त्याने डाव राखावा असे त्याला का वाटत नाही?

थोर मनाचा महिमा येथे आहेच, तो मी नाकारीत नाही. परंतु केवळ मनाच्या थोरवीवर कोणतीही परंपरा शंभर वर्षे चालत नाही. तालमीची रचनाच अशी आहे की पट्ठ्याच्या विजयाने वस्तादाची जागा रिकामी होत नाही. पट्ठा गदा घेऊन येतो ती तालमीच्या नावावर लागते. मैदानात निवेदक पैलवानाच्या नावामागोमाग वस्तादाचे नाव घेतो. गावोगावची माणसे आपली पोरे त्याच वस्तादाकडे पाठवितात. ज्याने मल्लपणाची गादी सोडली त्याच्यासाठी दुसरी, अधिक मानाची गादी आधीच मांडून ठेवलेली असते, आणि म्हणून शेवटचा डावसुद्धा तो निःशंकपणे देऊ शकतो. राखून ठेवण्याचे प्रसंग तेथेच घडतात जेथे वस्तादाला स्वतःच्या खुराकाची भ्रांत असते.

मुंबईच्या क्रिकेटमध्येही हेच दिसते. रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले; शिवाजी पार्कवर त्यांनी घडविलेल्या शिष्यांत सचिन तेंडुलकरांचे नाव जगाला ठाऊक आहे, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने मला चंद्रकांत पंडित अधिक महत्त्वाचे वाटतात. भारतीय संघातील यष्टिरक्षकाच्या एका जागेसाठी १९८० च्या दशकात ज्यांनी किरण मोरे यांच्याशी स्पर्धा केली आणि बव्हंशी बाहेर बसणे सोसले, ते पंडित पुढे प्रशिक्षक झाले. मुंबईला रणजी करंडक मिळवून दिल्यावर ते विदर्भात गेले आणि त्या संघाने २०१७-१८ व २०१८-१९ अशी दोन वर्षे तो करंडक जिंकला. मग ते मध्य प्रदेशात गेले, ज्या संघाचे नेतृत्व करीत ते १९९८-९९ चा अंतिम सामना हरले होते, आणि जून २०२२ मध्ये बंगळुरूच्या मैदानावर त्या संघाने अंतिम सामन्यात मुंबईलाच हरविले. ज्या शहराने घडविले त्याच्या प्रतिस्पर्ध्याला घडविण्यात कोणी कृतघ्नता पाहिली नाही, कारण प्रशिक्षक ही एक स्वतंत्र, सन्माननीय आणि सवेतन वृत्ती आहे हे आता सर्वमान्य झालेले आहे.

तथापि खेळाडू अजून खेळत असताना त्याच्याच जागेचा वारस त्याच्या शेजारी आणून बसविला, तर काय होते? याची सर्वांत उघड उदाहरणे अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडतात, कारण त्या खेळात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन संपूर्ण डाव आखणारा खेळाडू, एका वेळी एकच असतो आणि त्याची जागा वाटून घेता येत नाही. ग्रीन बे संघाने २००५ साली ॲरन रॉजर्स या तरुणाला घेतले तेव्हा ब्रेट फाव्हर हा तेथला अनभिषिक्त राजा होता, आणि या मुलाला तयार करणे आपल्या करारात लिहिलेले नाही अशा आशयाचे त्याने स्पष्ट बोलून दाखविले. रॉजर्स तीन मोसम बाकावर बसून पाहात राहिला. २००८ साली फाव्हर गेला तो कडवटपणे गेला. पुष्कळांनी त्याला दूषणे दिली. मला मात्र त्याच्या बोलण्यात एक प्रामाणिक व्यवहार दिसतो: ज्या कामाचे मोल ठरविलेले नाही ते काम फुकट मागितले जात आहे हे त्याने ओळखले होते.

याच्या शेजारी ॲलेक्स स्मिथची कथा ठेवावी. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ साली डोक्याला मार बसून तो काही दिवस बाहेर बसला, तेवढ्यात बदली खेळाडूने त्याची जागा कायमची घेतली. पुढे कॅन्सस सिटीत तो स्थिरावला आणि २०१७ साली त्या संघाने पॅट्रिक महोम्स याला निवडून त्याच्या मागे उभे केले. एकदा पोळलेल्या या माणसाने त्या मुलाला आपल्या तयारीची सारी पद्धत उघडी करून दाखविली. आठवड्यातील कोणत्या दिवशी काय पाहावयाचे, प्रतिपक्षाच्या चित्रफिती कशा वाचावयाच्या, हे महोम्स त्याच्यापासून शिकला आणि त्याचे ऋण तो जाहीरपणे मानीत आला आहे. चकित करणारी गोष्ट अशी की वारस शिकविण्याचे ते वर्षच स्मिथच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम ठरले, चेंडूफेकीच्या एकूण गुणांकनात तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. पुढील जानेवारीत त्याला वॉशिंग्टनला पाठविण्याचे ठरले, तेही दीर्घ मुदतीच्या नव्या करारासह. त्याचे औदार्य मी कमी लेखीत नाही. परंतु त्याच्यासमोर दुसरे दार उघडे होते ही गोष्ट विसरून त्याचे उदाहरण कोणा कामगाराच्या तोंडावर फेकणे मात्र न्यायाचे होणार नाही.

कारण कामगारासमोर बहुधा ते दार नसते. फ्लोरिडातील डिस्नेच्या सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना ऑक्टोबर २०१४ मध्ये सांगण्यात आले की तुमची नोकरी जानेवारीअखेर संपते, आणि उरलेल्या मुदतीत तुमच्या जागी येणाऱ्यांना तुम्ही काम शिकवून द्या. शेवटपर्यंत थांबणाऱ्यास वाढीव रक्कम होती. जे शिकावयास आले त्यांत पुष्कळजण भारतीय कंपन्यांनी तात्पुरत्या परवान्यावर नेलेले तरुण होते. २०१५ च्या जूनमध्ये ही हकिकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली तेव्हा अमेरिकेत मोठा गहजब उडाला. त्या खोलीत शिकवणारा आणि शिकणारा असे समोरासमोर बसलेले ते दोन जीव एकमेकांचे अपराधी नव्हते. दोघांनाही तेथे आणून बसविणारा तिसराच होता. पुण्याच्या हिंजवडीत ज्याला संक्षेपाने ‘केटी देणे’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात तो हाच विधी आहे, आणि परदेशातून काम खेचून आणणाऱ्या त्याच मराठी मुलांवर, काम आणखी स्वस्त देशात किंवा यंत्रबुद्धीकडे निघाले की, तो करून देण्याची पाळी येते.

शिकविण्याचे एक शास्त्रही आहे, आणि ते युद्धाने घडविले. १९४० साली अमेरिकेत कुशल कारागिरांची टंचाई भासू लागली, दुर्बिणींची भिंगे घासणारे तर मिळेचनात. तेव्हा कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाची एक सरकारी योजना निघाली. भिंगे घासण्याच्या कामाचे बारीक पृथक्करण करून पाहता, जी कला शिकण्यास वर्षे लागतात असे मानले जाई तिचे बरेचसे अंग काही महिन्यांत शिकविता येते असे आढळले. शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि मग त्याला एकट्यावर सोपवून वारंवार पाहणे, अशा चार पायऱ्या ठरल्या. शिकणारा शिकला नाही तर शिकविणाराने शिकविले नाही, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून अधिक माणसे तिच्यात तयार झाली. युद्धोत्तर काळात ती जपानला गेली आणि टोयोटासारख्या कारखान्यांत रुजली. तिच्या यशाचे श्रेय चार पायऱ्यांना दिले जाते, परंतु माझ्या मते त्या वेळी कामाला माणसे कमी पडत होती हे त्याचे अर्धे कारण आहे. नवा आला म्हणून जुन्याला घरी पाठवावे असा कोणाचाही हेतू तेव्हा नव्हता.

आपल्या कायद्यात हे शहाणपण फार पूर्वीपासून लिहिलेले आहे, ते फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली एक कलम घालण्यात आले की एखाद्या प्रवर्गातील कामगार कमी करावयाचा झाल्यास सामान्यतः जो सर्वांत शेवटी आला तो प्रथम जावा. ज्येष्ठतेचे रक्षण हा त्याचा उघड हेतू. परंतु त्याचा एक मूक परिणाम असा की जुना कामगार नव्याला निर्भयपणे शिकवू शके, कारण त्याने कितीही चांगले शिकविले तरी शिकणारा त्याला ओलांडून त्याची भाकर घेऊ शकत नव्हता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांना उमेदवार घ्यावयास लावले, ते याच भरवशाच्या आधारावर चालणे शक्य होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे, आणि कमी केलेल्या कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम नवे कौशल्य शिकण्यासाठी ४५ दिवसांत जमा करण्याची तजवीजही तीत आहे.

परंतु सिल्वाशाच्या फाटकातून पाळी बदलताना जी माणसे आत-बाहेर करतात त्यांतील मोठा भाग कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. ठेका बदलला की पट बदलतो, नावे तीच राहिली तरी नोकरीचा आरंभ नव्याने होतो, आणि दहा वर्षे त्याच यंत्रावर उभा असलेला ऑपरेटर कागदोपत्री काल आलेल्या हेल्परच्या रांगेत येतो. शेवटी आलेला प्रथम जावा हा नियम ज्याला शेवटी येण्याची तारीखच पुन्हा पुन्हा मिळते त्याचे रक्षण कसे करणार? खानवेलकडून आलेल्या वारली मुलाला, ज्याच्या आज्याची जमीन याच वसाहतींनी वेढली आहे, शेजारच्या परप्रांतीय ऑपरेटरने मनापासून शिकवावे असे आपण म्हणतो, तेव्हा दोघांपैकी कोणाचीही जागा उद्यापर्यंत पक्की नसते. तो ऑपरेटर एक गोष्ट राखून ठेवतो, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही. तसेच त्या मुलालाही आयुष्यभर हेल्पर ठेवणे मला सहन होत नाही.

यावर करावयाचे काय, ते अशक्य कोटीतले नाही. ठेकेदार बदलला तरी कामगाराची सेवा मूळ यंत्रावर, मूळ तारखेपासून मोजली जावी. तिची नोंद ठेकेदाराच्या वहीत न राहता कारखान्याच्या दप्तरात राहावी. शिकविणे हे काम आहे असे मानून शिकविण्याच्या तासांचे वेगळे वेतन असावे, आणि ज्याने चार ऑपरेटर तयार केले त्याला प्रशिक्षकाचा हुद्दा, त्या हुद्द्याचा पगार आणि मुदतीची हमी ही तीन एकदम मिळावीत. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या फिटरला यंत्रावरून काढून त्याच पगारावर शिकविण्यास बसवावे. त्याच्या कानांत काय साठले आहे ते कारखान्याच्या फायद्याचे आहे हे हिशेबनिसालाही पटण्याजोगे आहे. आणि ज्याला कामावरून कमी करण्याचे ठरलेच आहे, त्याच्याकडून त्याच्याच वारसाला शिकवून घ्यावयाचे असेल, तर त्याची पुढची नोकरी आधी ठरवावी, मग त्याच्यासमोर तो मुलगा आणून उभा करावा.